गूगल सर्च कन्सोलमधील ‘चेंज ऑफ ॲड्रेस’: फराळाच्या दुकानाचे डोमेन बदलताना आलेला अनुभव

आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ नावाची एक सोय आहे. संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, बदलले की ते गूगलला अधिकृतपणे कळवण्यासाठी ती वापरतात. आमच्या दुकानासाठी मी ती फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरली आणि त्यानंतर जवळजवळ नऊ महिने तिचे परिणाम पाहिले, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. सोय नेमकी आणि भरवशाची आहे, परंतु शोधातील स्थान टिकवण्याचे खरे काम ती करत नाही. ते काम जुन्या प्रत्येक पानावर लावलेला रीडायरेक्ट, म्हणजे वाचणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारे वळण, करतो, आणि तो चुकीचा असेल तर ही सोय वापरूनही हाती काही लागत नाही.

आमचे फराळाचे दुकान ठाण्यात नौपाड्यात आहे. संकेतस्थळ सुरू केले तेव्हा डोमेनच्या नावातच ‘नौपाडा’ घातले होते, कारण त्या वेळी गिऱ्हाईक गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या पलीकडचे फारसे नव्हते. पुढे ऐरोलीला दुसरे स्वयंपाकघर घेतले, पुण्याहून आणि परदेशांतून मागण्या येऊ लागल्या, आणि नावातला ‘नौपाडा’ अडचणीचा वाटू लागला. संकेतस्थळावर विक्रीच्या पानांखेरीज पदार्थांची माहिती देणारी पाने होती, सगळी मिळून एकशे चाळीसच्या आसपास. चकलीच्या भाजणीचे प्रमाण, अनारशाचे पीठ किती दिवस टिकते, साटोऱ्या मऊ का पडतात, अशा गोष्टी आम्ही मराठीत, सविस्तर आणि मनापासून लिहिल्या होत्या. लोक गूगलवर हेच शोधत, आमच्या पानावर येत आणि त्यातले काही जण मग मागणी नोंदवत. जाहिरातीवर आम्ही कधी खर्च केला नाही, कारण ही पानेच आमची जाहिरात होती.

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, ठाण्यातल्याच एका एजन्सीकडून आम्ही डोमेन बदलून घेतले. एजन्सीचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनी केलेल्या चुका इतर अनेक ठिकाणीही होताना मी नंतर पाहिल्या. नवे डोमेन सुरू झाले, जुने उघडले की नवे उघडत होते, आणि आम्हाला वाटले की काम झाले. दसऱ्याच्या आसपास डोंबिवलीहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “काकू, तुमचं साटोऱ्यांचं पान मी जपून ठेवलं होतं. आता ते उघडलं की नुसतं दुकानाचं पहिलं पान येतं. प्रमाण काढून टाकलंत का?” प्रमाण काढलेले नव्हते. ते नव्या डोमेनवर जसेच्या तसे होते. जुन्या पत्त्यावरून तिथे जाण्याची वाट मात्र कोणी केलेली नव्हती.

माझी भाची वाशीला एका कंपनीत सर्व्हरचे काम पाहते. रविवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आली आणि तिने तासाभरात सगळे उलगडून दाखवले. पहिली चूक अशी होती की जुन्या एकशे चाळीस पानांपैकी प्रत्येक पान नव्या संकेतस्थळाच्या मुख्यपृष्ठाकडे वळवलेले होते. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात हे करू नका असे स्पष्ट सांगितलेले आहे, कारण साटोऱ्यांची माहिती मागणाऱ्याला मुख्यपृष्ठ दाखवले तर मागितलेली वस्तू तिथे नसते, आणि गूगल अशा वळणाला ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पानासारखेच, मानू शकते. तसे झाले की त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांचे वजन, म्हणजे त्यांमुळे गूगलच्या लेखी पानाला मिळालेले महत्त्व, पुढे जात नाही. साटोऱ्यांच्या पानाला इतर मराठी लेखकांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे होते. ते सगळे अशा ठिकाणी येऊन थांबत होते जिथून पुढे काही पोहोचत नव्हते, आणि नव्या डोमेनवरचे तेच पान गूगलच्या दृष्टीने कोणाच्याही ओळखीचे नव्हते.

दुसरी चूक वळणाच्या प्रकारात होती. सर्व्हर जेव्हा पान दुसरीकडे वळवतो तेव्हा सोबत एक आकडा पाठवतो. ३०१ किंवा ३०८ म्हणजे कायमचे स्थलांतर, तर ३०२ किंवा ३०७ म्हणजे तात्पुरते. वाचणाऱ्या माणसाला यातला फरक दिसत नाही, कारण ब्राउझर दोन्ही वेळा नव्या पत्त्यावरच नेतो. गूगल मात्र कायमच्या वळणाला ‘यापुढे नवे पानच मुख्य समजावे’ असा ठाम संकेत मानते आणि तात्पुरत्या वळणाला तसाच पण दुबळा संकेत मानते, त्यामुळे तात्पुरत्या वळणात शोधाच्या यादीत जुनाच पत्ता रेंगाळण्याची शक्यता राहते. आमच्याकडे ३०२ लावलेले होते. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो मला किमान तिघांकडून ऐकायला मिळाला: रीडायरेक्ट लावला की पानाचे काही टक्के वजन कायमचे गळते, म्हणून डोमेन बदलूच नये. गूगलचे मॅट कट्स यांनी २०१३ मध्येच सांगितले होते की ३०१ मधून जेवढे पेजरँक (दुव्यांवरून पानाचे वजन मोजण्याचे गूगलचे माप) कमी होते तेवढेच साध्या दुव्यातूनही होते, आणि २०१६ मध्ये गूगलचेच गॅरी इलिज यांनी जाहीर केले की ३० ने सुरू होणाऱ्या वळणांमधून पेजरँक आता गळत नाही. तेव्हा प्रश्न वजन गळण्याचा नसतो. ते वजन कोणत्या पानाच्या खात्यावर जमा व्हायचे, हे गूगलला नीट कळले की नाही, याचा असतो.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त लागली, कारण ती आम्हाला मदत करण्याच्या हेतूने केलेली होती. ऑक्टोबरमध्ये आम्ही तक्रार केल्यावर एजन्सीने ‘जुनी पाने गूगलमधून लवकर जावीत’ म्हणून जुन्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये सर्व पाने वाचण्यास मनाई केली. गूगलचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळे वाचत फिरणारा प्रोग्राम, पान मागण्याआधी ही फाइल वाचतो आणि मनाई असेल तर पान मागतच नाही. पान मागितले नाही तर सर्व्हरचे उत्तर मिळत नाही, आणि उत्तरातच तर वळण लिहिलेले असते. त्या दिवसानंतर एजन्सीने जुन्या पानांवर कितीही अचूक रीडायरेक्ट लावले असते, तरी ते गूगलला दिसलेच नसते. डिसेंबरात यात आणखी भर पडली. जुन्या डोमेनवर ९० दिवसांचे सुरक्षा प्रमाणपत्र होते, त्याची मुदत संपली, आणि जुना दुवा उघडणाऱ्याला वळणाच्या आधीच ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा दिसू लागला. जुने डोमेन म्हणजे आता रिकामे घर, अशी समजूत असते. पण वळण चालू ठेवायचे असेल तोवर जुन्या डोमेनलाही सर्व्हर लागतो आणि चालू प्रमाणपत्रही लागते.

त्या दिवाळीला भाजणी आणि अनारशाच्या पिठाच्या मागण्या इतक्या घटल्या की भाजलेले धान्य दळून झाल्यावर आम्ही ते शेजारच्या गृहिणींना खरेदीच्या भावात दिले. हे दुःख अजून जात नाही, कारण माल उत्तम होता आणि ज्यांना तो हवा होता ते शोधतही होते.

जानेवारीत भाचीने सगळे पहिल्यापासून मांडले. सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’ अहवालात मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी असते. त्यातून तिने जुन्या डोमेनवर ज्या पानांना भेटी येत होत्या त्यांची यादी काढली आणि प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिला. बहुतेक पानांचे काम एका नियमात झाले, कारण डोमेनच्या पुढचा भाग तोच राहिला होता. त्रास झाला तो पत्त्यातच मराठी शब्द असलेल्या तीसेक पानांचा, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवणार आहे.

‘साटोऱ्या’ हा शब्द पत्त्यात घातला की ब्राउझरमध्ये तो देवनागरीत दिसतो, पण सर्व्हरकडे जाताना त्यातल्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याची खूण व दोन अक्षरे लिहिली जातात. साटोऱ्या हा शब्द आठ चिन्हांचा आहे: स, काना, ट, ओकार, ऱ, हलन्त, य, काना. म्हणजे त्याची ७२ अक्षरांची माळ होते. एजन्सीने नंतर काही पानांसाठी वेगळे नियम लिहिले होते, आणि त्यांत ही माळ ब्राउझरमधून जशीच्या तशी चिकटवली होती. आमच्या संकेतस्थळामागच्या अपाचे या सर्व्हर-प्रणालीचा, पत्ते वळवणारा मॉड-रीराइट हा भाग मात्र नियम ताडून पाहण्याआधी ती माळ उलगडून पुन्हा मूळ अक्षरांत आणतो, त्यामुळे टक्क्यांच्या खुणांनी लिहिलेला नियम कधीच जुळत नाही आणि चूक झाली असे कुठे दिसतही नाही. भाचीने नियमांत सरळ देवनागरी शब्द लिहिले आणि पाने वळू लागली.

तरीही साटोऱ्यांचे पान वळेना. यादी दहा वेळा तपासली. शब्द तोच, शुद्धलेखन तेच. शेवटी तिने सर्व्हरच्या नोंदीतून जुना पत्ता काढून त्याची लांबी मोजली, तेव्हा माळ ७२ ऐवजी ८१ अक्षरांची निघाली. जुन्या कळफलकावर हा अर्धा र टाइप करताना साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी तीन चिन्हे उमटत. आजच्या मोबाइलवर त्याच जागी खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त अशी दोनच येतात. डोळ्याला दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द, आणि जगभरातले सगळे जुने दुवे ८१ अक्षरांच्या शब्दाकडे येत होते. दोन्ही रूपांसाठी नियम लिहिल्यावर पान वळले. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गत आहे: ते एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि अ वर चंद्र देऊनही. पत्त्यात मराठी शब्द असलेल्यांनी डोमेन बदलताना हाताने टाइप केलेल्या यादीवर विसंबू नये. सर्व्हरच्या नोंदीतून किंवा सर्च कन्सोलमधून जुने पत्ते नक्कल करून घ्यावेत.

रोबोट्स फाइलमधली मनाई काढली, जुन्या डोमेनला नवे प्रमाणपत्र घेतले, ३०२ चे ३०१ केले, आणि मग ‘चेंज ऑफ ॲड्रेस’कडे आलो. ही सोय वापरायला जुने आणि नवे अशी दोन्ही डोमेने एकाच गूगल खात्यावर आपल्या मालकीची म्हणून सिद्ध झालेली असावी लागतात. ते आम्ही डोमेनच्या नोंदींत एक ओळ घालून केले. नंतर जुन्या डोमेनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन नव्या डोमेनची निवड केली. सोय स्वतः एक छोटी तपासणी करते आणि जुन्या मुख्यपृष्ठावर ३०१ आहे की नाही हे पाहते. ती तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मला हा या सोयीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. सप्टेंबरमध्ये एजन्सीने ही सोय नुसती उघडून पाहिली असती, तरी ३०२ ची चूक त्याच दिवशी समोर आली असती.

तिचा सर्वांत मोठा दोषही याच तपासणीत आहे. मुख्यपृष्ठ बरोबर वळते म्हणून पुढची एकशे चाळीस पानेही बरोबर वळत असतील असे नाही, आणि हिरव्या खुणा पाहून तसा समज होणे स्वाभाविक आहे. निदान जास्त भेटी येणाऱ्या दहा पानांची तपासणी करून मगच पुढे जाऊ दिले असते, तर आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांचे बरेच नुकसान वाचले असते. तोपर्यंत ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये एकेक जुना पत्ता टाकून पाहणे हाच मार्ग आहे, तिथे गूगलने कोणता पत्ता मुख्य म्हणून निवडला आहे हे स्पष्ट दिसते. आमच्या साटोऱ्यांच्या पानासमोर नव्या डोमेनचा पत्ता आलेला मी ज्या सकाळी पाहिला, त्या सकाळी देवापुढे साखर ठेवली.

सोयीच्या मर्यादा गूगलने लपवलेल्या नाहीत, पण त्या आधी वाचायला हव्यात. पूर्ण डोमेन बदलताना ती उपयोगी आहे. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना किंवा त्याच डोमेनमध्ये पाने इकडची तिकडे करताना ती वापरायची नसते. आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानदारांना दुसऱ्याच कारणासाठी ती वापरायची होती आणि त्यांचे काम साध्या ३०१ ने भागले. दुसरी गोष्ट म्हणजे ही सूचना फक्त गूगलला जाते. बाकीची शोधयंत्रे आपले रीडायरेक्टच वाचतात.

मुदतीविषयी सर्वाधिक गोंधळ होतो. पत्ता बदलल्याची ही सूचना १८० दिवस लागू राहते, आणि अनेक जण तेवढ्यावरून १८० दिवसांनी रीडायरेक्टही काढून टाकतात. गूगलचा सल्ला रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवण्याचा आहे, आणि शक्य असेल तर त्याहून जास्त. रीडायरेक्ट काढला की कोणी जुना दुवा उघडला तर त्याला काहीच मिळत नाही, आणि डोमेनचे नूतनीकरण थांबवले तर ते डोमेन दुसरे कोणीही विकत घेऊ शकते. आमच्या नावाने गिऱ्हाइकांना काहीही दाखवू शकेल अशा माणसाच्या हाती ते जावे, असे मला मुळीच वाटत नाही.

परिणामाविषयी प्रामाणिकपणे सांगते. गूगल म्हणते की मध्यम आकाराच्या संकेतस्थळाची बहुतेक पाने स्थलांतरित होण्यास काही आठवडे लागतात आणि त्या काळात स्थान वरखाली होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सूचना दिली आणि मार्चअखेरपर्यंत जुन्या डोमेनच्या आलेखाची रेषा उतरत गेली व नव्याची चढत गेली. या दोन रेषा एकाच चित्रात पाहण्याची सोय सर्च कन्सोल देत नाही. दोन्ही डोमेनांची आकडेवारी वेगवेगळी राहते आणि जुन्याचा इतिहास नव्यात येत नाही. मी दोन्ही यादींतले आकडे उतरवून वहीत बेरीज करत असे, आणि हे काम संगणकाने करायला हवे असे आजही वाटते. जूनपर्यंत भाजणी आणि अनारशाची पाने जवळजवळ पूर्वीच्या जागी आली. काही पाने आली नाहीत. पाच महिन्यांत त्या विषयांवर इतरांनी चांगले लिहिले होते, आणि त्यांच्या पुढे जायचे तर आम्हालाही नव्याने लिहावे लागणार आहे. ते काम रीडायरेक्टचे नाही.

मध्यंतरी एका व्यक्तीने फोन करून ‘वजनदार’ जुने डोमेन विकत घेऊन ते आमच्याकडे वळवण्याचा सल्ला दिला, म्हणजे गेलेले स्थान एका महिन्यात परत येईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी नकार दिला. मुदत संपलेली डोमेने केवळ शोधातील स्थान वाढवण्यासाठी वापरणे हे गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे निषिद्ध केले आहे, आणि ज्या दुव्यांशी आपला काही संबंध नाही त्यांवर दुकान उभे करण्यात मला समाधान वाटले नसते. त्याऐवजी आमच्या पानांना दुवे देणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी स्वतः पत्रे लिहिली आणि दुव्यांत नवा पत्ता घालण्याची विनंती केली. सात जणांनी ती मान्य केली.

डोमेन बदलणाऱ्यांना ही सोय मी नक्की सुचवेन, मात्र क्रम पाळावा: आधी पानापानाचे ३०१, ते एका उडीत पोहोचणारे, कारण गूगलचा क्रॉलर सलग दहा वळणांपर्यंत पाठलाग करत असला तरी लांब साखळ्या टाळण्याचा त्यांचाच सल्ला आहे, मग जुन्या डोमेनचा सर्व्हर, प्रमाणपत्र आणि रोबोट्स फाइल यांची खात्री, आणि शेवटी ही सूचना. सणाच्या तोंडावर तर हे काम कोणीही करू नये. आमच्या व्यवसायात शिमग्यापासून आषाढापर्यंतचा काळ त्यासाठी बरा. आमचे १८० दिवस ऑगस्ट २०२४ मध्ये संपले, रीडायरेक्ट अजून चालू आहेत, आणि सर्व्हरच्या नोंदीत ८१ अक्षरांचा तो पत्ता अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा येऊन साटोऱ्यांच्या नव्या पानावर पोहोचतो.